दोनशेत एक

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझी भाची सई आमच्याकडे कोथरूडला राहायला आली होती. सकाळी मी, ती आणि बाबा, असे आम्ही तिघं टेकडीवर फिरायला गेलो. वर पोचल्यावर बाबा नेहमीच्या दगडावर टेकले आणि सईने आभाळाकडे बोट दाखवलं.

"मावशी, गिधाड!"

"घार आहे ती," मी म्हटलं. "शेपटी बघ, मध्ये खाच आहे. गिधाड असतं तर पंख दाराच्या फळीएवढे दिसले असते आणि शेपटी अगदी आखूड."

"मग गिधाड कुठे दिसेल?"

"कोथरूडमध्ये नाही दिसायचं."

"का?"

या 'का'साठीच ती खरं तर टेकडीवर आली होती. सई चौथीत आहे. शाळेने सुट्टीत प्रकल्प दिला होता : धोक्यात आलेला एक प्राणी निवडा आणि तो धोक्यात का आला, ते तक्त्यावर लिहा. वर्गात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. वाघ, हत्ती, गेंडा, हिमबिबट्या दुसऱ्यांना गेले आणि हिच्या वाट्याला गिधाड आलं. त्यामुळे ती आधीच रुसलेली होती. मैत्रिणी 'ईऽऽ' म्हणाल्या होत्या.

तक्ता तिने अर्धा करूनही टाकला होता. इंटरनेटवरून चार कारणं उतरवली होती : शिकार, जंगलतोड, प्रदूषण, हवामानबदल. कोपऱ्यात हातात कुऱ्हाड घेतलेला एक माणूस काढला होता. मिशीवाला, दात विचकणारा.

टेकडीवरून उतरताना तिने ही चार कारणं पाढ्यासारखी म्हणून दाखवली. बाबा ऐकत होते. खाली रस्त्याला लागल्यावर एवढंच म्हणाले, "गिधाडाला यातलं एकही नीट लागू होत नाही."

मग घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

बाबा गुरांचे डॉक्टर होते. नोकरीची बहुतेक वर्षं रायगड जिल्ह्यात गेली. आम्ही बहिणी आईबरोबर कोथरूडला शिकायला राहिलो आणि बाबा शनिवारी रात्रीच्या एसटीने यायचे. त्यांच्या शर्टाला गोठ्याचा आणि स्पिरिटचा वास असायचा. सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे जायचो तेव्हा गिधाडं पाहिल्याचं मला अंधुक आठवतं. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत मेलेला बैल टाकला होता आणि त्याच्याभोवती तीस-चाळीस मोठी, कुबड काढलेली पाखरं भांडत होती. मी नाक दाबून पळाले होते. बाबा म्हणाले होते, "उद्या बघायला ये, नुसती हाडं असतील." दुसऱ्या दिवशी खरंच नुसती हाडं होती.

तेव्हा गावोगाव हीच व्यवस्था होती. गुर मेलं की गावाबाहेर ओढून टाकायचं, पुढचं काम गिधाडं करायची. त्यांच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल असतं की सडलेल्या मांसातले बहुतेक जंतू तिथेच मरतात. पैसे न घेता चालणारी ही सफाई होती. सईला हे सांगितल्यावर 'ईऽऽ' थोडं कमी झालं.

मग ही पाखरं गेली कुठे?

राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश गिधाडांची मोजदाद करत होते. ऐंशीच्या दशकात त्यांनी तिथली घरटी मोजली होती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा मोजली तेव्हा आकडे कोसळले होते. झाडांवर मान खाली टाकून बसलेली आजारी गिधाडं दिसत होती, आणि खाली मेलेली. मग देशभर पाहणी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्क्यांनी कमी झाली होती. सईला टक्के अजून शिकवलेले नाहीत, म्हणून मी म्हटलं, "हजार होती, त्यातलं एक उरलं." लांब चोचीच्या गिधाडांचीही गत जवळपास तीच. शंभरातली तीन.

"कोणी मारली?"

"कोणीच नाही. हीच तर पंचाईत होती."

शिकार करावी असं त्यांच्यात काही नव्हतं. झाडं होती, कडे होते, खायलाही भरपूर होतं. आधी सगळ्यांना वाटलं, एखादी साथ आली असावी. विषाणूचा शोध सुरू झाला. खरं कारण २००४ साली कळलं. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडं तपासली. त्यांच्या आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि जे युरिक आम्ल शरीराबाहेर पडायला हवं होतं, ते आतच साठलं होतं. ज्यांची मूत्रपिंडं अशी निकामी झाली होती, त्या पाखरांच्या शरीरात डायक्लोफिनॅक सापडलं.

डायक्लोफिनॅक आपल्याकडे घरोघरी माहीत असलेलं औषध. कंबर धरली, दात दुखला की डॉक्टर लिहून देतात. नव्वदच्या दशकात ते गुरांसाठीही आलं. स्वस्त होतं आणि गुण पटकन यायचा. लंगडणारा बैल दुसऱ्या दिवशी पाय टेकायचा, सुजलेल्या कासेची गाय हात लावू द्यायची. पण इंजेक्शन दिल्यावर एक-दोन दिवसांत जनावर दगावलं आणि उघड्यावर टाकलं, तर मांसात औषध उरलेलं असायचं. ते खाल्लेलं गिधाड काही दिवसांत मरायचं.

सई विचार करत होती. मग तिने खरा प्रश्न विचारला. "पण सगळ्याच गाईंना थोडंच इंजेक्शन दिलं असेल? आणि दिलं त्या सगळ्या थोड्याच मेल्या? मग हजारातलं एकच कसं उरलं?"

मला उत्तर माहीत होतं, पण मी ते लेखात वाचलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला कसं सांगावं, सुचेना. तेव्हा बाबा स्वयंपाकघरात गेले आणि काबुली चण्यांचा डबा घेऊन आले.

त्यांनी सईला दोनशे चणे मोजायला लावले. त्यातल्या एकाला लाल स्केचपेनने रंगवलं. सगळे चणे स्टीलच्या डब्यात टाकले.

"हे गिधाडाचं जेवण," बाबा म्हणाले. "दोनशे मेलेली गुरं. त्यातलं एकच विषारी. गिधाड रोज जेवत नाही, दोन-तीन दिवसांनी जेवतं. म्हणजे वर्षाला साधारण एकशेवीस जेवणं. डोळे मिटून एक चणा काढायचा, बघायचा, परत टाकायचा, डबा हलवायचा. लाल आला की तू मेलीस. एकशेवीस वेळा पांढरा आला तर वर्षभर जगलीस."

आम्ही चौघं बसलो. आईही हातातलं काम टाकून आली. सई पहिल्या वीस चण्यांत हसत होती. "कसला सोप्पाय!" एकतिसाव्याला तिच्या बोटांत लाल चणा आला. तिला ते खरं वाटेना. पुन्हा खेळू म्हणाली. बाबा म्हणाले, "गिधाडाला पुन्हा नाही." मी एकशेवीस पार केले. आईनेही केले. बाबा अठ्ठ्याऐंशीला गेले.

एका वर्षात चारातले दोन. हा काही योगायोग नव्हता. दोनशेत एक, असं एकशेवीस वेळा जेवलं तर वर्षाअखेर निम्म्याच्या थोडी वरच गिधाडं उरतात. पुढच्या वर्षी त्या उरलेल्यांचीही तीच गत. शास्त्रज्ञांचा हिशोबही असाच होता : शंभरात एकापेक्षाही कमी मेलेल्या गुरांत घातक प्रमाणात औषध असलं, तरी एवढी मोठी घसरण होऊ शकते. शिवाय गिधाड एकटं जेवत नाही. एका बैलावर कळपच्या कळप उतरतो.

दुसऱ्या वर्षी मी सत्तराच्या आसपास मेले. आई पुन्हा वाचली.

"आजी जिंकली!" सई ओरडली.

आई म्हणाली, "मी एकटी उरून काय करू?"

पुढचं मी सईला त्याच डब्यावर समजावलं. नुसतं मरण्याने जात संपत नाही. उंदीर आपण किती मारतो? तरी उंदीर आहेतच, कारण मरतात त्याहून जास्त जन्मतात. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. त्यातून निघालेलं पिल्लू साधारण पाच वर्षांचं झाल्यावर स्वतःचं घरटं करतं. निसर्गात त्याला मारणारं फारसं कोणी नव्हतं, म्हणून हा संथ हिशोब हजारो वर्षं जमला. अचानक मरणं वाढली आणि जन्म मात्र त्याच चालीने होत राहिले. डबा रिकामा झाला.

"आणि घार? ती का नाही मेली?"

"घार काहीही खाते. उंदीर, सरडे, चिकनच्या दुकानामागे टाकलेली आतडी. अंडीही दोन-तीन घालते. गिधाड फक्त मेलेलं जनावर खातं. ज्याचं एकाच गोष्टीवर पोट आहे, त्याची ती गोष्ट बिघडली की दुसरा रस्ता नसतो."

मग आम्ही महाराष्ट्रातले आणखी प्राणी या डब्यात घालून पाहिले. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. माळढोकही बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. त्याला झाडं नकोत, मोकळा माळ हवा. आणि माळाला आपण 'पडीक' म्हणतो. पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळे. माळाची शेतं झाली, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. एवढ्या जड पक्ष्याला, त्यातून डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे, समोरची तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याच्या डब्यात लाल चणे वेगळे आहेत, पण खेळ तोच.

खवले मांजराचं सईला फार वाईट वाटलं. संकट आलं की ते अंगाचा चेंडू करून बसतं. बिबट्याला त्याचं काय करावं कळत नाही. माणूस मात्र तो चेंडू उचलतो आणि पोत्यात टाकतो. लाखो वर्षं ज्या युक्तीने त्याला वाचवलं, तीच आता घात करते. त्याची खवलं म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याची असतात, औषध म्हणून त्यांत काही नाही. तरी ती विकली जातात. त्यालाही एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं.

आणि आंबोलीच्या सड्यांवर एक छोटा टोड राहतो. जगात तो आंबोलीच्या परिसरातच सापडतो. त्याला कोणी खात नाही, विकत नाही. पण सगळं बिऱ्हाडच एवढ्याशा जागेत असेल, तर एखादा रस्ता किंवा एखादी वसाहतही पुरे होते.

"म्हणजे कारण प्रत्येकाचं वेगळं," सई म्हणाली. "सगळ्यांना एकच यादी नाही."

"नाही."

ती डबा हलवत बसली होती. मग तिने सहज विचारलं, जसं मुलं विचारतात, कोणाला काही बोलायचं म्हणून नव्हे.

"आजोबा, हे लाल चणे डब्यात कोण टाकायचं?"

"मी," बाबा म्हणाले. "म्हणजे माझ्यासारखे डॉक्टर. पण मीही."

आईने माझ्याकडे बघितलं. घरात हे कधी बोललं गेलं नव्हतं. मला ठाऊक होतं तसं. कोणत्या वर्षांत कोणतं औषध चालायचं, हे बेरीज करून कोणालाही कळलं असतं. पण बाबांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत नव्हतं ना पण," सई म्हणाली. तिला त्यांना सोडवायचं होतं.

"आधी नव्हतं. नंतर होतं."

मग त्यांनी म्हशीची गोष्ट सांगितली. २००६ साली सरकारने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. त्याच सुमाराला मेलॉक्सिकॅम हे दुसरं औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचं सिद्ध झालं होतं. पण माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक दुकानात मिळतच होतं, आणि तेही मोठ्या बाटल्यांत. माणसाला एका वेळी तीन मिलिलीटर लागतं. तीस मिलिलीटरची बाटली कोणासाठी असते, हे सगळ्यांना कळत होतं. त्या मोठ्या बाटल्या बंद व्हायला २०१५ साल उजाडलं.

मधल्या वर्षांतला एक पावसाळा. एका बाईची एकुलती एक म्हैस तीन दिवस बसून होती. व्यायलेली, ताप, कास दगड झालेली. बाबांच्या पेटीतलं मेलॉक्सिकॅम संपलं होतं. तालुक्याच्या गावाला जाणारा रस्ता पाण्याखाली होता. तिच्या मुलाने कुठून तरी ती मोठी बाटली आणून ठेवली होती.

"मी दिलं," बाबा म्हणाले. "सकाळी म्हैस उठली. पुढे चार वर्षं दूध दिलं तिने."

"मग झालं की! ती मेलीच नाही, म्हणजे गिधाडाने खाल्लीच नाही."

"हो. काही दिवसांत औषध अंगातून निघून जातं."

"मग?"

"उठली नसती तर?"

सईने थोडा विचार केला. "तर पुरायची. खड्डा करून."

बाबा हसले, पण नीट नाही. "बरोबर. पावसात, कातळावर, म्हशीएवढा खड्डा. सहा माणसांचं काम. तरी तेच करायला हवं होतं. निदान निघताना सांगायला हवं होतं की मेली तर उघड्यावर टाकू नका. मी ते सांगितलं नाही. ती माउली रडत होती आणि मला म्हशीचं काय होईल एवढंच दिसत होतं."

सई काही बोलली नाही. मलाही काही सुचलं नाही.

त्या रात्री मी बराच वेळ त्या कुऱ्हाडवाल्या माणसाचा विचार करत होते. लहानपणी माझ्याही तक्त्यावर तो होता. प्राणी का संपतात? माणूस दुष्ट आहे म्हणून. हे उत्तर सोपं आहे आणि आपल्याला सोयीचंही, कारण आपल्या ओळखीत कुऱ्हाडवाला कोणी नसतो. कुऱ्हाडी असतात, पोती असतात, हे खरंच आहे. पण गिधाडांना संपवलं ते शिकाऱ्यांनी नव्हे. दुखणारी गाय बघवत नाही अशा शेतकऱ्यांनी आणि रात्री-अपरात्री टॉर्च घेऊन जाणाऱ्या डॉक्टरांनी. प्रत्येकाने आपल्यापुरतं चांगलंच केलं. कोणालाही दोनशेतला एक दिसत नव्हता, कारण तो एकेका गोठ्यातून दिसतच नाही. तो मोजल्यावर दिसतो. भरतपूरला कोणीतरी वर्षानुवर्षं घरटी मोजत होतं, म्हणून तो दिसला.

आणि गिधाडं गेल्याची किंमत कोणी दिली? गावाबाहेर गुरं सडू लागली, पाणी खराब झालं, भटकी कुत्री वाढली, त्यांच्याबरोबर रेबीजची भीती वाढली. मुंबईतल्या पारशी समाजाची अंत्यविधीची शतकांची रीतही अडचणीत आली. २०२४ साली इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थतज्ज्ञांनी हिशोब मांडला : गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जास्तीची माणसं दगावली. हा आकडा मी सईला सांगितला नाही. बाबांना सांगितला. ते म्हणाले, "वाचलंय मी."

सकाळी उठून बघते तर दोघं तक्ता पसरून बसले होते. कुऱ्हाडवाल्या माणसावर पांढरा कागद चिकटवला होता आणि त्यावर एक गाय काढली होती, कारण सईला गाय चांगली काढता येते. चार कारणं खोडली होती. खाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं : 'गिधाडे धोक्यात का आली? गाईम्हशींना बरे वाटावे म्हणून दिलेल्या औषधामुळे. ते कोणाला माहीत नव्हते. मग माहीत झाले.'

"यापुढे काय लिहू?" तिने विचारलं.

बाबांनी सांगितलं ते तिने लिहून घेतलं. हरयाणात पिंजोरला गिधाडांची पिल्लं वाढवण्याचं केंद्र आहे. तिथली काही गिधाडं २०२४ साली आपल्याकडे ताडोबा आणि पेंचला आणली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या आणखी दोन औषधांवरही गुरांसाठी बंदी आली, कारण तीही गिधाडांना मारत होती. महाडच्या प्रेमसागर मेस्त्री यांची 'सिस्केप' ही संस्था रायगडमध्ये कित्येक वर्षं गिधाडांसाठी काम करते आहे. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी त्यांनी आणि गावकऱ्यांनी जपली. मेलेलं गुर औषधाविना मेलं असेल तर ते गिधाडांसाठी ठेवायचं, असं तिथे करून पाहिलं गेलं. म्हणजे खड्डा तरी करा, नाहीतर आधी विचारा की याला इंजेक्शन दिलं होतं का. एवढा एक प्रश्न.

"हजारातलं एक उरलं होतं ना, मग आता पुन्हा हजार कधी होतील?" सईने विचारलं.

बाबांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. वर्षाला एक अंडं, पाच वर्षं मोठं व्हायला, त्यातली काही पिल्लं मरणार. मध्येच थांबून म्हणाले, "मी नसेन तेव्हा. तू असशील."

फेब्रुवारीत घरट्यांत पिल्लं असतात. तेव्हा आम्ही चौघं चिरगावला जायचं ठरवलंय. सईने एक वही केली आहे, वर तारीख, खाली आकडा. बाबांनी दुर्बीण काढून पुसून ठेवली आहे. किती वर्षांनी ते त्या बाजूला जाणार आहेत, हे मी विचारलं नाही.